गोड पाण्याचं बेट

६ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. कंबर वाकत नाही हल्ली, मन वाकलंय.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस. परवा मी म्हटलं, "जागा बदलली," तर तू म्हणालास, "अरेरे, कधी गेले?" तेव्हाच ठरवलं, यापुढे पत्र. तू उत्तर लिहिणार नाहीस हे ठाऊक आहे. लिहिलंस तरी एक ओळ लिहिशील, तीही कापड वाचवून बेतल्यासारखी. चालेल.

जागा खरंच बदलली. ऑफिसनं मला या समुद्राकाठच्या शहरात पाठवलंय ते इथल्या जमिनीखालचं पाणी तपासून त्याचा नकाशा करायला. घरोघरी विहिरी, गल्लोगल्ली बोअर. लोक उपसा करतात, तळची जागा रिकामी होते, आणि समुद्र जमिनीखालून हळूच आत सरकतो. कुणाला दिसत नाही, आवाज होत नाही. तो कुठवर आलाय ते आम्ही शोधायचं. तू गिऱ्हाइकाच्या अंगाची मापं घेतोस, मी जमिनीच्या पोटाची घेते. फरक एवढाच, की माझं गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहत नाही.

सकाळी लोकांच्या परसात शिरते. विहिरीत दोरीनं बाटली सोडते, पाणी काढते, यंत्राची कांडी बुडवून क्षार किती ते पाहते. उरलेल्या बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून मुख्य प्रयोगशाळेला पाठवते. तिथं एवढी रांग आहे की निकाल यायला महिने लागतात. प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकते: "आमच्या पाण्यासारखं पाणी नाही हो कुठे." चाखलं तर जिभेवर मीठ! पण स्वतःचं पोर आणि स्वतःची विहीर, कुणाला वाईट म्हणवत नाही.

माझं घर मात्र नशिबानं मिळालं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरून जिना, खाली घरमालकीण काकू. मागे त्यांच्या नवऱ्यानं खणलेली विहीर. आजूबाजूचा अख्खा भाग खारा झालाय, आणि या विहिरीचं पाणी गोड, म्हणजे खरंच गोड. सगळी गल्ली इथून पिण्याचं पाणी नेते. आमच्या कच्च्या नकाशावर खारं पाणी तांबडं आणि गोडं निळं दाखवलंय. सगळीकडे तांबडं आणि मधोमध आमच्या गल्लीचा निळा ठिपका. साहेब म्हणाले, "हे तर बेटच की, गोड पाण्याचं." काकूंना सांगितलं तर त्या दोन दिवस चालताना जमिनीला टेकत नव्हत्या.

दोन खोल्या एकटीला जास्तच होतात. पण असू देत. दूध हल्ली जरा जास्त लागतं. एक मांजर आलंय राहायला.

एक काम होतं. जुन्या मऊ कापडाची झबली कशी बेततात ते कागदावर काढून पाठव. ऑफिसातल्या एका मुलीला हवंय.

वेळेवर जेवत जा. वहिनी नाही म्हणून भात कच्चा खायचा असं कुठं लिहिलेलं नाही.

तुझी धाकटी


२ जानेवारी

दादा,

मी बेत मागितला होता, तू गठ्ठा पाठवलास. एवढी झबली! आणि सोबत तुझी चिठ्ठी: "काखेत सैल ठेवलंय. मांजराला जिना उतरू देऊ नकोस." मी ती दोनदा वाचली आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. मांजरं जिना उतरतातच, दादा. पण बरं, सांगते त्याला.

ऑफिसातल्या मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पोरगी लालबुंद, केस भरपूर, आणि आवाज असा की काकू खालून म्हणाल्या, "बाळ आहे की गाडीचा भोंगा?" त्या मुलीनं तू शिवलेलं झबलं हातात घेतलं, आतली शिवण बोटानं चाचपली आणि नाकाला लावून बराच वेळ बसून राहिली. नव्या कापडाचा वास आवडतो म्हणे काही लोकांना.

तिला बाळंतपणानंतर ताप आला होता, तो लांबला. औषधं जड होती, म्हणून डॉक्टरांनी बाळाला पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. आता ती स्वतः हिंडूफिरू लागलीय, पण अंगावरचं दूध परत आलं नाही. काळजीचं काही नाही. बाळाचं सगळं पाणी काकू आणतात. पहाटे विहिरीतून पहिली कळशी काढतात, फडक्यानं गाळतात आणि गुडघे धरत जिना चढतात. मी म्हटलं, "काकू, मी येते ना खाली." तर म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर लोकांच्या विहिरी उपसता, आपल्या विहिरीचं मला बघू द्या. बाळाला आपलंच पाणी." मग आम्ही ते चांगलं खळखळून उकळतो. ती मुलगी तर एवढी धास्तावलेली असते की उकळलेलं पुन्हा उकळते.

(ऑफिसातल्या मुलीच्या बाळाचं पाणी माझ्या घरी का उकळतात, असं तू विचारणार नाहीस. माहीत आहे. म्हणून तर तू माझा आवडता भाऊ.)

काम चाललंय. दक्षिणेकडे समुद्र आमच्या अंदाजाहून बराच आत आलाय. एका शाळेच्या बोअरचं पाणी चाखलं आणि ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, यात नुसते बटाटे टाका, उकडले की थेट पानात."

तू दुकान लवकर बंद करतोस असं ऐकलं. डोळे तपासून घे. सुईत दोरा ओवायला शेजारच्याला बोलावतोस हेही ऐकलं. माझे हेर आहेत.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

आधी शेवट सांगते, म्हणजे घाबरणार नाहीस: सगळे सुखरूप आहेत. आता बसून वाच.

टिटवी माझ्याकडे आहे. ऑफिसातली मुलगी नाही, मांजर नाही, तुझी लेक टिटवी. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आली, पोटात बाळ घेऊन. तो माणूस त्याच्या वाटेनं गेला. त्याच्याबद्दल ती बोलत नाही, मीही विचारत नाही. मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, "बाबांकडे जाऊ या." ती म्हणाली, "लग्नाला निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, गेलीस तर रडत परत यायचं नाही. मी रडत नाहीये, पण जाणारही नाही. आणि तू सांगितलंस तर इथूनही जाईन." हट्ट कुणाचा आहे ते तुला सांगायला नको. मी शब्द दिला. ती इथं आहे हे तुला कधीचं कळलं होतं, ते मला तुझ्या चिठ्ठीवरून कळलं, तुला कळलंय हे तिलाही कळलं असणार, आणि आपण तिघंही गप्प. शहाणी माणसं आहोत अगदी.

आता काय झालं ते.

गेले काही दिवस बाळ मलूल वाटत होतं. रडणं कमी झालं. काकू म्हणाल्या, "शहाणी झाली." परवा दुपारी टिटवीनं मला हाक मारली. हाकच अशी होती की मी हातातली बाटली टाकून धावले. बाळाचे ओठ पाटीच्या रंगाचे झाले होते, नखंही. श्वास चालू होता, डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती.

ऑफिसची जीप दारातच होती. ड्रायव्हरनं ती कशी चालवली ते विचारू नकोस.

हॉस्पिटलात प्राणवायू लावला. रंग बदलेना. एक डॉक्टर म्हणाले, हृदयाचं असेल. टिटवी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, दादा. नुसते ओठ हलत होते. मग मुलांच्या डॉक्टरीण बाई आल्या. शांत बाई. त्यांनी बाळाचं रक्त काढलं, कापसावर एक थेंब घेतला आणि तो कापूस हवेत हलवत राहिल्या. रक्त चॉकलेटसारखं तपकिरी. हवा लागूनही लाल होईना.

त्यांनी विचारलं, "बाळ काय पितं?"

टिटवी म्हणाली, "पावडरचं दूध."

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं. पण गाळून, उकळून देतो हो, दोन-दोनदा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. दोघींच्या मनात एकाच वेळी तेच आलं. मी म्हणाले, "नायट्रेट." त्या म्हणाल्या, "मलाही तेच वाटतंय," आणि नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं.

सोप्या शब्दांत सांगते. इथं घरामागे शोषखड्डे आहेत, संडासाचं पाणी त्यातून वाळूत झिरपतं. आमच्या गल्लीखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर खाऱ्यावर तरंगतोय. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि हेही मुरतं. त्यातून नायट्रेट येतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. माझ्या कांडीला एकूण क्षार तेवढे कळतात. हे वेगळं ओळखायचं तर प्रयोगशाळा लागते, आणि आमच्या बाटल्या तिथं रांगेत होत्या. मोठ्या माणसांचं निभावतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र ते प्राणवायू धरू देत नाही. आणि उकळलं की पाणी उडून जातं, नायट्रेट तिथंच राहतं. आम्ही जितकं जपत होतो तितकं ते दाट होत होतं.

इंजेक्शन निळ्या शाईसारखं होतं. निळ्या पडलेल्या पोरीच्या अंगात निळं औषध जाताना बघवेना. पण थोड्या वेळात तिचे ओठ आधी जांभळट झाले, मग गुलाबी. आणि मग तिनं जो भोंगा लावला! टिटवी तिला थोपटायला धावली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "रडू दे. एवढा छान आवाज आज दिवसभरात ऐकला नव्हता."

संध्याकाळी मी तिला विचारलं, "बाबांना लिहू?"

ती म्हणाली, "लिही. पण माझी कीव येईल असं काही लिहू नकोस."

तसं काही लिहिलं नाही ना मी? तूच सांग.

तुझी धाकटी


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र नाही. टपालवाला आला की टिटवी जिन्यात जाऊन उभी राहते आणि म्हणते, "हवा खातेय."

बाळ घरी आलंय. आता नगरपालिकेच्या टाकीचं पाणी जारमधून येतं, त्याची तपासणी मी स्वतः केली. दूध पिते, झोपते, ओरडते. तिन्ही कामं मन लावून करते.

इथं मात्र बराच गोंधळ झाला. हॉस्पिटलातून निघाले ती थेट ऑफिसात गेले. प्रयोगशाळेला फोन करून आमच्या बाटल्या रांगेतून पुढे काढायला लावल्या. आमच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या चौपट. गल्लीतल्या बाकीच्या बोअरमध्येही थोडंफार तेच. साहेबांना म्हटलं, आजच लोकांना सांगायला हवं. साहेब चांगले आहेत, पण त्यांना कागद पुरा लागतो. म्हणाले, "अहवाल तयार होऊ दे. अर्धवट सांगून घबराट नको."

मी म्हटलं, "साहेब, अहवाल येईपर्यंत गल्लीतल्या बाळांना दात येतील. जी वाचतील त्यांना."

 मग त्यांनीच गाडीची किल्ली उचलली.

आम्ही दोघं दारोदार फिरलो. एकच प्रश्न विचारत होतो: "घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ आहे का?" आमच्यासारखी आणखी दोन सापडली. एकाची नखं निळसर होऊ लागलीच होती. त्याच्या आजीला वाटत होतं थंडी बाधली, म्हणून ती त्याला पायमोजे घालत होती. साहेबांनी त्या बाळाला स्वतःच्या मांडीवर घेऊन हॉस्पिटल गाठलं. आता बरं आहे.  ऑफिसात परतल्यावर साहेब म्हणाले, "नकाशाला दुसरा रंग लागेल." तांबड्या-निळ्यात हे बसत नव्हतं. आता गोडं पण बाळांना घातक, असा पिवळा रंग आहे. शहरभर शोधलं तर पिवळं आणखी तीन ठिकाणी निघालं. तिन्ही ठिकाणी लोक म्हणत होते, "आमच्या पाण्यासारखं पाणी नाही."

मग विहिरीवर पाटी लावली. पिण्यासाठी नाही. गल्ली खवळली. एकजण म्हणाला, "वर भाड्यानं राहता आणि मालकिणीच्याच विहिरीला काळं फासता?" त्याच्या घरी त्या सकाळपर्यंत याच विहिरीचं पाणी होतं. घसा कोरडा पडला की राग लवकर येतो, मी समजून घेतलं.

काकू मात्र काहीच बोलल्या नाहीत. तेच जड गेलं. भांडल्या असत्या तर भांडले असते. त्यांनी मागचं दार लावून घेतलं. पहाटेची पावलं थांबली. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघून जायच्या. मला आधी वाटलं रागावल्यात. मग एकदा त्यांच्या दारावरून जाताना ऐकलं, आत कुणी नसताना त्या बोलत होत्या: "माझ्या हातानं नेलं गं. रोज. माझ्याच हातानं."

मी वर येऊन टिटवीला सांगितलं. मी म्हटलं, "काय बोलायचं त्यांच्याशी? ते माहितीचं पत्रक देऊ का? त्यात लिहिलंय की चव-वासावरून कुणालाच ओळखता येत नाही."

टिटवी म्हणाली, "आत्या, तू गप्प बस."

ती बाळाला घेऊन खाली गेली आणि दार वाजवत राहिली. शेवटी काकूंनी उघडलं. टिटवीनं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकू, हिला जरा धरा. मला आंघोळ करायचीय, आत्याला बाळ धरता येत नाही, बाटलीसारखं धरते."

आणि वर आली. चांगली सावकाश आंघोळ केली, केस धुतले, वाळवले. मी मधून मधून जिन्यातून वाकून बघत होते. काकू दारातच फतकल मारून बसल्या होत्या. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि त्या हलतही नव्हत्या. पाय आखडले असणार. संध्याकाळी वर आल्या तेव्हा हातात काही नव्हतं. फक्त म्हणाल्या, "ते जार फार जड असतात. खाली ठेवत जा माझ्याकडे, मी लहान भांड्यानं देत जाईन."

तर असं आहे. तुझी पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. कुणावर गेली कोण जाणे, आपल्या घरात तर तसं कुणी नव्हतं.

दादा, पत्र लिही. एक ओळ चालेल. अर्धी चालेल.

तुझी धाकटी


१९ मार्च

दादा,

पाकिटावर पत्ता लिहिताना हसू आलं. माझ्याच घराचा पत्ता, आणि वर तुझं नाव. खाडीपलीकडे आठवड्याचं काम आहे, दिवसा चिखल आणि संध्याकाळी डास. म्हटलं, घरी पत्र लिहावं. घरी पत्र लिहायला घरी कुणीतरी असावं लागतं, ते आत्ता कुठं जमलंय.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. तू आलास त्या दिवशी मी घरातच होते. टिटवी म्हणाली, आत्या आंघोळीला गेलीय, ते खोटं. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी होते, हातात रिकामं भांडं घेऊन. खिडकीतून तुला जिना चढताना पाहिलं होतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात शिवणयंत्राचं डोकं फडक्यात गुंडाळलेलं. आठवडाभरासाठी येणारा माणूस शिवणयंत्र घेऊन येत नाही, हे मला कळलं. म्हणून मी बाहेर आले नाही.

तुम्ही दोघं दारात किती वेळ गप्प होता! मला वाटलं भात करपतोय की काय. आणि भात लावलेलाही नव्हता.

मग तू म्हणालास, "जिना उंच आहे."

ती म्हणाली, "हो."

"बाळाला घेऊन चढताना कठडा धरत जा."

"धरते."

मग ती काहीतरी हळू बोलली. मला ऐकू आलं, तुला आलं नाही. ती म्हणाली होती, "बाबा, मी रडत आले नव्हते." तू म्हणालास, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं. तू पुन्हा "काय?" शेवटी ती ओरडली, "मी रडत आले नव्हते!" खालच्या गल्लीत दोन बायका थांबल्या.

आणि तू, जो डॉक्टरला, गिऱ्हाइकांना, मला, कुणालाही कधी कबूल झाला नाहीस, तू म्हणालास, "मला ऐकू येत नाही गं हल्ली. जवळ येऊन सांग."

त्यानंतरचं मी पाहिलं नाही. खरंच नाही. भिंतीकडे तोंड केलं होतं.

आता कामाचं. अहवाल गेला. पिवळ्या भागांत नळ आधी टाकायचे असं ठरलंय, खाऱ्या भागांत नंतर. साहेब त्यासाठी सभेत मोठ्यानं भांडले. त्यांना मोठ्यानं बोलता येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. नळ येईतो पाण्याची गाडी येत राहील. विहीर बुजवायची नाही असं मी लिहून दिलंय. काकूंना सांग, पाटीवर "धुण्यासाठी व झाडांसाठी चालेल" अशी ओळ वाढवायची आहे. शब्द त्यांनाच सुचवू देत. आणि तू त्यांचा पदर शिवून दिलास ते चांगलं केलंस, पण त्यांच्याशी बोलताना ऐकू न येण्याचं सोंग करतोस असं टिटवी म्हणते. एकदा कबूल केलंस म्हणून त्याचा असा फायदा घेऊ नये.

मी परवा येते. टिटवीच्या पत्रात आहे की पोरगी कुशीवर वळतेय, कधीही पालथी पडेल. मी येईपर्यंत तिला पडू देऊ नकोस. पडलीच, तर तुम्ही तिघंही मला सांगू नका. मी बघेन तेव्हा तिला पहिल्यांदाच जमल्यासारख्या टाळ्या वाजवा.

तुझी धाकटी